नोंदी तुमच्या, फाइल कोणाची?

जळगावात ठिबक साहित्याचं दुकान आहे. बिलिंग सॉफ्टवेअरचं नूतनीकरण राहिलं, तर जुनी बिलंही उघडेनात. डेटा माझाच ना?

नोंदी तुमच्या, सॉफ्टवेअर कंपनीचं. गोची बॅकअपची आहे: ती फाइल बहुधा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. करारात मुदत संपल्यानंतरचं कलम शोधा. डेटा किती दिवस उतरवून घेता येईल, हे तिथे लिहिलेलं नसेल तर लेखी मागा. यापुढे मुदत चालू असतानाच खातेवही, स्टॉक, बिलं दर महिन्याला सीएसव्हीत (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) काढा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. मराठी नावांच्या जागी वेडीवाकडी चिन्हं दिसली, तर एक्सेलमध्ये फाइल आयात करताना यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धत निवडा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात, आणि ती जबाबदारी दुकानदाराची.

धुळ्यातल्या एका प्रोग्रॅमरकडून ॲप करून घेतलं. पैसे पूर्ण दिले, पण तो सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ लिखित प्रत, देत नाही.

पैसे दिले की मालकी आली, हा समज लग्नाच्या फोटोंवरून आला असावा. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ग्राहकच असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मधल्या या सवलतीत प्रोग्रॅम येत नाही. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड सहसा मालकाचा होतो. बाहेरच्या माणसाने लिहिलेला त्याचाच राहतो. तो तुमच्या नावे व्हायला त्याच्या सहीचा लेखी हस्तांतरण करार लागतो. कलम १९ इथे नडतं: मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण ५ वर्षांचंच, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. हक्क वर्षभर वापरला नाही तर तोही परत जाऊ शकतो. म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘वर्षभराची अट लागू नाही’ हे शब्द घाला. कोड सुपूर्द करायची तारीख आणि सर्व्हरचं खातं कोणाच्या नावावर, हेही लिहा. पुढच्या वेळी शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा. त्याने वापरलेले ओपन सोर्स (इतरांनी लिहून सगळ्यांना खुले केलेले) भाग मात्र त्यांच्याच परवान्याखाली राहतील.

अमळनेरहून: अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ फुकट ॲपवर बनवतो. अटींत ‘मालकी तुमचीच’ आहे. मग काळजी कशाची?

त्याच्या पुढच्या वाक्याची. ‘विनामोबदला, कायमचा, इतरांनाही देता येणारा परवाना’ असेल, तर मालक तुम्ही राहूनही कंपनी व्हिडिओ जाहिरातीत वापरू शकते. परवाना ‘सेवा चालवण्यापुरता’ असावा आणि खातं बंद केल्यावर संपावा. ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ अशी हमीही तुम्ही देता; गीतकार, संगीतकार, गायक वेगळे असतील तर आधी त्यांची लेखी परवानगी घ्या. ॲपमधलं तयार संगीत पुष्कळदा खासगी वापरापुरतंच असतं, कमाईच्या व्हिडिओला ते लावू नका.