मार्टिनी-हेन्री ही व्हिक्टोरियाकालीन ब्रिटिश लष्करी रायफल अस्सल आहे की खैबरची नक्कल, हे कसं ओळखायचं?

आधी रिसीव्हरच्या (नळीमागच्या, गोळी झाडण्याची यंत्रणा असलेल्या धातूच्या भागाच्या) उजव्या बाजूचा ठसा भिंगाखाली वाचा. बहुतेक नकला तिथेच उघड्या पडतात. खैबर खिंडीच्या परिसरातले कारागीर ब्रिटिश रायफल समोर ठेवून ठसे हाताने उमटवत. त्यांना इंग्रजी येत नसे, त्यामुळे ‘एनफिल्ड’ या ब्रिटिश शस्त्र कारखान्याच्या नावातलं ‘एन’ अक्षर उलटं पडलेलं दिसतं, कधी स्पेलिंगच चुकलेलं असतं. सर्वांत ठळक खूण सालाची: मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया) आणि साल १९०१ नंतरचं, तर ती नक्कलच, कारण राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली. मात्र ठसा बिनचूक असला म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या अस्सल रायफलींचे सुटे भाग वापरूनही तिथे बंदुका जुळवल्या गेल्या आहेत. नक्कल निघाली तर त्यात काडतूस कधीही भरू नका, तिच्या पोलादाचा भरवसा नसतो.