शेतीच्या ट्रॅक्टरने शेजाऱ्याचा कांदा लासलगावला नेताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई देते का?

देईलही, पण नंतर तुमच्याकडून वसूल करेल. आमच्याकडून केली.

आम्ही निफाड तालुक्यातले. उन्हाळ कांद्याचा हंगाम होता. शेजाऱ्याची ट्रॉली पंक्चर, म्हणून त्याचा माल आमच्या ट्रॉलीत भरला. डिझेलचे पैसे घेतले, वर पाचशे. ट्रॅक्टर मी चालवत होतो. त्याचा एक मजूर मडगार्डवर बसला. मी त्याला उतर म्हणालो नाही, हे आजही सलतं. विंचूरच्या अलीकडे समोरून मोटारसायकल आली, मी ब्रेक दाबला, ट्रॉलीने ढकललं. मोटारसायकलवाला पडला आणि मजुराच्या पायावरून चाक गेलं.

मोटारसायकलवाल्याचे पैसे कंपनीने दिले. तो त्रयस्थ पक्ष, त्याच्यासाठीच हा विमा कायद्याने सक्तीचा आहे. मजुराच्या दाव्यात मात्र कंपनीने तीन गोष्टी काढल्या: ट्रॅक्टरला सीट एकच, माल भाड्याचा, आणि ट्रॉली पॉलिसीत नाहीच. न्यायाधिकरणाने कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण आमच्याकडून वसुलीची मुभाही दिली. वीटभट्टीची माती नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरच्या मजुराच्या खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने असाच मार्ग काढला होता. आमचे त्या वर्षीचे द्राक्षाचे सगळे पैसे त्यात गेले.

थोरला भाऊ अजून म्हणतो, "विमा कंपन्या चोर, हप्ता भरून काय मिळालं?" दादा, ट्रॉलीचं पासिंग वेगळं, तिचा हप्ताही वेगळा. तो तूच वाचवलास. जे विकत घेतलं नाही ते कंपनी कुठून देणार? आणि "आपण तर नुसती डांबरी ओलांडतो, विमा कशाला" हेही तुझंच. लोकांना जायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा कायद्याने सार्वजनिक, मग ती बाजार समितीच्या वाटेवरची असो की गावची पाणंद. विम्याशिवाय सापडलात तर दंड पहिल्यांदा 2,000 रुपये, दुसऱ्यांदा 4,000, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं सोडा, कुणी मेलं तर भरपाईपायी जमीन विकावी लागेल.

स्वतःचा कांदा नेणं शेतीचंच काम आहे, असं मांडता येतं. दुसऱ्याचा माल पैसे घेऊन नेला की ते भाडं, मग त्याला डिझेलचे पैसे म्हणा नाहीतर शेजारधर्म. शेजाऱ्याला नाही म्हणायला जड जातं, मलाही गेलं. पण त्याचा मजूर आज काठी घेऊन चालतो.

मी वकील नाही, आणि प्रत्येक पॉलिसीत वापराच्या अटी वेगळ्या असतात. तुमच्या कागदावर ट्रॉलीचा नंबर आहे का, ते आधी बघा. स्वतःच्या मजुरांसाठी जादा हप्ता भरता येतो, तोही विचारून घ्या. आणि मडगार्डवर कुणालाही बसवू नका, घरच्या पोरालासुद्धा.