सह्याद्रीत रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) केलंय. आता अमेरिकेत यूटाची स्लॉट कॅनियन (अरुंद, खोल घळ) उतरायची आहे, तेवढा सराव पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याच्या आसपास पाच-सहा वेळा धबधब्यात रॅपलिंग केलंय आणि मे महिन्यात यूटातल्या झायन नॅशनल पार्कला जाताय. मीही साताऱ्याचाच. दोन वर्षांपूर्वी झायनच्याच भागात एक घळ उतरलो.

हार्नेस (कमरेचा पट्टा) आणि डिसेंडरची (दोरावरून सावकाश उतरवणारं साधन) सवय कामाला येईल. पण आपल्याकडे दोर बांधलेलाच राहतो आणि बिले द्यायला, म्हणजे जादा दोराने आपल्याला सांभाळायला, वर माणूस असतो. तिकडे शेवटचा गडी उतरला की दोर खाली ओढून घ्यायचा आणि पुढच्या टप्प्याला लावायचा. आमचा दोर पहिल्यांदा वरच्या कडीतून सर्रकन सुटला आणि पायाशी पाण्यात थप्पकन पडला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मागे जायची वाटच संपली होती. म्हणून शेवटचा माणूस वर असतानाच खालून दोर ओढून बघा, सरकतोय ना. हे एकदाही चुकवू नका.

दगडही वेगळा. आपला काळा कातळ लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. झायनचा दगड वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन बनलेला. त्यावर बूट छान धरतात, पण दोर ओढून ओढून कड्याला चरे पडतात, जुन्या विहिरीच्या कठड्याला पोहऱ्याच्या दोराने पडतात तसे, आणि दोर नेमका त्यातच अडकतो. अरुंद जागी एका भिंतीला पाठ, दुसरीला पाय लावून सरकावं लागतं. पँट जाड कापडाची घ्या.

पावसाचं मात्र मनावर घ्या. साताऱ्यात ऊन असतं आणि ठोसेघरला धो धो कोसळत असतं, हे आपल्याला माहीत आहे. तिकडे तसंच, फक्त घळीत बाजूला व्हायला जागा नसते. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटकांचा जीव गेला, पाऊस पडला होता कित्येक मैल लांब. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये तशाच लोंढ्यात सात जणांचा जीव गेला. अंदाज बघायचा तो घळीला पाणी जिथून येतं त्या सगळ्या भागाचा. जरा शंका आली तरी उतरू नका, परवाना वाया गेला तरी चालेल. (दोराने उतरायला पार्कचा परवाना लागतोच.)

आत ऊन पोचत नाही, साठलेलं पाणी बर्फासारखं. बाहेर आलो तोवर आम्ही कुडकुडत होतो, आणि अर्ध्या तासात उन्हाने भाजून निघालो. मला सगळ्यात जड गेला तो हा परतीचा चढ. भिजलेला दोर पाठीवर, पायाखाली वाळू, दोन पावलं टाकली की एक मागे. माझं दोन लिटर पाणी वाटेतच संपलं. तुम्ही परतीचं पाणी वेगळं ठेवा, घळीत त्याला हात लावू नका. आणि आतापासून आठवड्यातून तीनदा दहा किलो पाठीवर घेऊन अजिंक्यतारा चढा, दुपारच्या उन्हात.