वाचकांचे प्रश्न : नवशिक्या चालकांना रात्रीची गाडी शिकवावी का?

प्रश्न : माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चारचाकी शिकून नुकताच पक्का परवाना मिळवला. तिचे सगळे तास सकाळी झाले. आता नोकरीवरून परतताना तिला अंधार पडतो. शिकवणारे म्हणाले, ‘रात्रीचे आपोआप जमते’. माझे थोरले बंधू म्हणतात, वर्षभर रात्री गाडी हातात देऊच नका. रात्रीचे प्रशिक्षण वेगळे द्यावे का?
– एक पालक, पंढरपूर परिसर

उत्तर : द्यावे, आणि खरे तर ते परवाना मिळण्याआधीच द्यायला हवे होते. रात्री आपोआप जमते ती फक्त सवय, आणि ती चुकीचीही असू शकते. सतत अप्परवर (हेडलाइटच्या लांबच्या झोतावर) गाडी चालवणे किंवा पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांना चिकटून जाणे या दोन्ही सवयी कोणी न शिकवताच लागतात.

शिकवणाऱ्यांना सगळा दोष देता येणार नाही, कारण आपली परवाना पद्धतच दिवसाउजेडी चालते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ मध्ये अर्जदाराला रातांधळेपणा आहे का, एवढे विचारले जाते. पण गाडीची नंबरप्लेट २५ मीटरवरून वाचता येते का हा प्रश्न ‘चांगल्या सूर्यप्रकाशात’ या अटीसह येतो, आणि प्रत्यक्ष चाचणीही कार्यालयीन वेळेतच होते. शाळांसाठीच्या अभ्यासक्रमात रात्रीच्या वाहनचालनाचा उल्लेख आहे, परंतु तो दिव्याचे बटण कोठे असते आणि दिवे केव्हा लावायचे यापलीकडे फारसा जात नाही. खाजगी वाहनासाठी किमान २१ दिवसांचे शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास ही मर्यादा आहे. त्यातला एकही तास अंधारात व्हावा, असे बंधन नाही. शिकाऊ परवान्यावर रात्री गाडी चालवू नये, असेही नियमांत म्हटलेले नाही. म्हणजे सोबत परवानाधारक शिक्षक बसवून हे शिकवणे शक्य होते; ते कोणी केले नाही, इतकेच.

आता मुख्य अडचण. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. वेग ८० असेल तर हीच बेरीज सत्तरच्या आसपास जाते. डिपरच्या (हेडलाइटच्या खालच्या झोताच्या) उजेडात गडद कपड्यांतला पादचारी मात्र अनेकदा चाळीस-पन्नास मीटरच्या आत आल्यावरच नजरेत भरतो. नियम १०५ नुसार गाडीच्या दिव्यांनी १५५ मीटरवरची माणसे आणि वाहने स्पष्ट दिसायला हवीत. समोरून वाहन आल्यावर डिपर देणाऱ्याला तेवढे कधीच दिसत नाही. म्हणून रात्रीचा वेग रस्ता मोकळा आहे की नाही यावरून नव्हे, तर आपला उजेड कुठवर पोचतो यावरून ठरवायचा असतो. हे ऐकून पटते, पण पायात उतरत नाही. त्यासाठी एका संध्याकाळी गाडी मोकळ्या मैदानात उभी करा, मुलीला चालकाच्या जागी बसवून डिपर लावायला सांगा आणि आपण गडद शर्ट घालून समोरून पावले मोजत दूर जा. आपण कोठे दिसेनासे होता ते तिला सांगू द्या. मग पांढरा शर्ट घालून हेच पुन्हा करा.

आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की आणखी एक विषय वाढतो. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या आड ट्रॅक्टरचे मागचे दिवे दिसत नाहीत, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि परावर्तक पट्टी असलीच तर ती धुळीने माखलेली असते. रस्त्यावर उसाची कांडी आणि वाढे (उसाचे शेंडे) पडलेले दिसू लागले की पुढे ट्रॉली आहे असे समजून वेग उतरवावा. समोरून एकच दिवा येत असेल तर तो मोटारसायकलचा न मानता एक दिवा बंद पडलेल्या ट्रकचा मानावा आणि त्या हिशेबाने डावीकडे सरकून त्याला जागा ठेवावी. बंद पडलेल्या ट्रकमागे ठेवलेले दगड आणि झाडाची फांदी ओळखायलाही कोणीतरी एकदा शेजारी बसून शिकवावे लागते. समोरच्या उजेडाकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पट्टीवर नजर ठेवणे हा तर पहिल्याच रात्रीचा धडा.

क्रम असा ठेवावा : आधी संधिप्रकाशात रोजचाच रस्ता, मग दिवे आणि दुभाजक असलेला रस्ता, आणि तिथे हात बसल्यावरच समोरून वाहने येणारा दुपदरी रस्ता. रात्रीचा पाऊस सर्वांत शेवटी.

आपल्या बंधूंचे म्हणणे निराधार नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १८ वर्षांखालील नव्या चालकांना पहिले वर्ष रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत एकट्याने गाडी चालवता येत नाही, आणि तिथल्या अनेक राज्यांत अशा बंधनांमुळे तरुण चालकांचे अपघात घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे. पण त्याच कॅलिफोर्नियात परवान्याआधीच्या ५० तासांच्या सरावातले १० तास रात्रीचे असावे लागतात. जर्मनीत ४५ मिनिटांच्या तीन तासिका अंधारात होणे सक्तीचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये तरुण शिकाऊंना १२० तासांपैकी २० तास रात्री चालवावे लागते. नुसती बंदी घातली तर वर्षभरानंतरही मुलगी रात्रीच्या रस्त्याला नवखीच राहील. मध्यरात्रीनंतरची आणि एकट्याने करायची लांबची गाडी तूर्त टाळावी, एवढे मात्र बंधूंचे ऐकावे.

प्रश्न : समोरच्या एलईडी दिव्यांनी डोळे दिपतात. वय ५८. ‘नाइट ड्रायव्हिंग’चा पिवळा चष्मा घ्यावा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : घेऊ नये. पिवळी काच मुळातच कमी असलेला उजेड आणखी कमी करते. विंडस्क्रीन आतून पुसावी, तिथला तेलकट थर दिव्यांचा उजेड पसरवतो; आतल्या आरशाची रात्रीसाठीची खिट्टी वापरावी. मागे माणसे व सामान असेल तेव्हा हेडलाइट खाली करण्याचे चक्र फिरवावे, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचे डोळे दिपणार नाहीत. इतके करूनही दिव्यांभोवती वलये दिसत असतील तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे, कारण सुरुवातीच्या मोतीबिंदूत दिवसा ठीक दिसत असूनही रात्री हाच त्रास होतो.