थीम पार्कमधील करिअरसाठी कोणते महाविद्यालय निवडावे?

प्रश्न : मी म्हापशाची असून बारावीत शिकते. मला थीम पार्कच्या आतिथ्य व्यवस्थापनात काम करायचे आहे. त्यासाठी गोव्यात शिकावे की थेट अमेरिकेत जावे?

उत्तर : पदवी गोव्यातच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पर्वरीच्या सरकारी हॉटेल व्यवस्थापन संस्थेसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी आताच सुरू करा. मात्र हॉटेल आणि थीम पार्क यांत मोठा फरक आहे. तासभर रांगेत ताटकळलेल्या कुटुंबाचा नंबर लागतो आणि नेमकी त्याच वेळी विजा चमकू लागल्यामुळे राइड बंद करावी लागते. अशा वेळी रडवेल्या मुलाला आणि चिडलेल्या पालकांना सुरक्षिततेचा नियम न मोडता, पण आपुलकीने समजावणे, हेच या कामाचे मर्म आहे. म्हणून महाविद्यालय निवडताना औद्योगिक प्रशिक्षण केवळ हॉटेलांतच मिळते की खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या, २०१३ मध्ये सुरू झालेल्या पार्कमध्येही करता येते, हे आवर्जून विचारा आणि माहितीपत्रकावर विसंबून न राहता तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला.

अमेरिकेतील ऑरलँडोचे रोझेन कॉलेज या विषयासाठी खरोखरच उत्तम आहे, कारण १९७१ पासून चालू असलेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड त्याच परिसरात आहे. पण तिथला खर्च मोठा आहे. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे नोकरी करून मग तिकडे अर्ज केलात, तर तो खर्च सार्थकी लागेल.