छोटं विमान सुरू करायला इतका वेळ का लागतो? अनुभवी पायलट तपासण्या गाळतात का?

गाळतात. आणि वर त्याला "हात बसलाय" म्हणतात, म्हणून लिहायला बसलो.

इंजिन सुरू करणं दोन मिनिटांचं काम. बाकीचा वेळ टाकीत काठी घालून इंधन मोजण्यात, तळातून थोडं काढून त्यात पाणी आहे का ते बघण्यात, ऑइल, टायर, कंट्रोल तपासण्यात जातो. ते कुठेही वाचायला मिळेल. मी रन-अपचं सांगतो, म्हणजे उड्डाणाआधी ब्रेक दाबून इंजिन जोरात चालवून करायच्या तपासणीचं.

जुनं सेसना १७२, चार सीटचं छोटं विमान. डाव्या सीटवर मी, शेजारी आमचे एक सीनियर, मागे दोन पाहुणे. रनवेच्या तोंडाशी ब्रेक दाबून १७०० आरपीएम (मिनिटाला फेरे) लावले. किल्ली 'बोथ'वरून 'राइट'वर नेली. आरपीएमचा काटा ढिम्म. पुन्हा केलं, तेच. 'लेफ्ट'वर मात्र नेहमीसारखा खाली आला.

सीनियर खूश. "शून्य ड्रॉप! इंजिन कसं ठणठणीत आहे बघ. चल."

ठणठणीत कसलं! प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, त्यांना ठिणगी पुरवणारे डावा-उजवा असे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. किल्ली 'राइट'वर नेली की डावा बंद होतो, 'लेफ्ट'वर नेली की उजवा. एक बंद केला की जळण मंदावतं, आरपीएम पडायलाच हवेत. १२५ पेक्षा जास्त पडले तर काहीतरी बिघडलंय. अजिबात पडले नाहीत तर तो मॅग्नेटो मुळात बंदच झालेला नाही.

थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन क्षणभर किल्ली 'ऑफ' केली. इंजिन चालूच! सीनियर म्हणाले, "मग काय? मिक्श्चर (इंधन तोडणारा दांडा) ओढलं की बंद होतंच की." होतंच. रोज आपण तसंच बंद करतो, म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

विमान परत फिरवलं. पाहुण्यांची तोंडं बघण्यासारखी होती. इंजिनिअरने काउलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, उघडलं, तर डाव्या मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, ठिणगी तो स्वतःच बनवतो. त्याला गप्प बसवते ती ही तार. ती तुटली की किल्ली खिशात असली तरी हाताने फिरवलेला प्रोपेलर इंजिन पेटवू शकतो. आणि त्याच सकाळी, फोटोत प्रोपेलर आडवा दिसावा म्हणून सीनियरनी तो हाताने फिरवला होता.

हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पण पेटलं का? नाही ना!" आमचा वाद अजून तिथेच अडकलाय.

अनुभवाचंच म्हणाल तर १९३५ मध्ये बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान कंट्रोलचं लॉक काढायचं राहिल्यामुळे उड्डाण करताच कोसळलं. चालवत होता तो टेस्ट पायलट, कुणी नवशिका नव्हे. त्यानंतर चेकलिस्ट रुजली. नवशिका घाबरून प्रत्येक ओळ वाचतो; गाळतो तो हजार तासवाला.

तेव्हा विमान तुमच्या ताब्यात असेल तर शेजारी कितीही मोठा माणूस बसलेला असो, "मी परत नेतोय" एवढंच म्हणा. वाद पार्किंगमध्ये घाला. (शिकत असाल तर शेवटचा शब्द इन्स्ट्रक्टरचा, हे खरं. पण काटा हलला नाही हे मोठ्याने बोला.)

आणि हो, वरचे आकडे जुन्या कार्ब्युरेटरवाल्या १७२ चे आहेत. तुमच्या विमानाच्या हँडबुकात असतील तेच धरा. 'ऑफ' करून बघायचं ते फक्त आयडलला, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे असताना. जास्त आरपीएमवर केलंत तर न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये फटाका फोडतं आणि सायलेन्सर फाटू शकतो.