'भयंकर' आवडलं म्हणजे नक्की किती आवडलं?

प्रश्न : माझी नात नववीत आहे. परवा तिला माझ्या लहानपणीची एक आठवण सांगितली तर म्हणाली, "आजी, भयंकर भारी होतं हे!" मला आधी वाटलं पोर घाबरली की काय. भयंकर म्हणजे भीती वाटायला लावणारं ना? तिला टोकू का नको?

उत्तर : आजी, टोकू नका, तुमची आठवण तिला मनापासून आवडलीये. भीतीचे, ताकदीचे शब्द उचलायचे आणि 'खूप' म्हणून वापरायचे ही खोड फार जुनी आहे, आणि ती एकट्या मराठीचीही नाही. इंग्रजीतला टेरिफिक हा टेररच्याच घरातला, पण आज त्याचा अर्थ झकास. जर्मनमध्ये 'खूप'साठी जो झेअर शब्द आहे तो मुळात वेदनेचा. आणि आपण जबरदस्त म्हणतोच की! फारसीत जबर म्हणजे वर आणि दस्त म्हणजे हात, ज्याचा हात वर तो जबरदस्त, समोरच्यावर वरचढ असलेला, आणि हा जुना अर्थ जबरदस्ती या शब्दात अजून तसाच बसलाय, पण "जबरदस्त गायली" म्हटलं की त्यात कुणावर जोर केल्याचं कुणाच्या मनातही येत नाही. मस्तचंही तेच. फारसीत मस्त म्हणजे नशेत असलेला, संस्कृतातला मत्त त्याचा सख्खा भाऊ, आणि आपण सकाळी उठून म्हणतो, मस्त झोप झाली.

तेव्हा अर्थ बदलला याचं मला वाईट वाटत नाही. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मागे एका मैत्रिणीचा मेसेज आला, "भयंकर दिवस आहे आज." मी कामात होते, एक इमोजी टाकला आणि फोन बाजूला ठेवला, कारण आमच्यात ट्रॅफिक भयंकर, मीटिंग भयंकर, नवीन ड्रेसपण भयंकर गोड, दिवसातून दहादा चालायचं हे. रात्री कळलं की तिच्या वडिलांना सकाळीच आयसीयूत हलवलं होतं. तिनं अगदी बरोबर शब्द वापरला होता हो, पण तो आम्ही दोघींनीच वर्षानुवर्षं घासून इतका बोथट केला होता की मला तो ऐकूच आला नाही. त्या दिवसापासून मी भयंकर जपून वापरते.

म्हणून नातीला चूक-बरोबर सांगत बसू नका, फक्त विचारा, "त्यातलं काय आवडलं गं तुला?" याचं उत्तर द्यायला भयंकर पुरत नाही, दुसरे शब्द शोधावेच लागतात, आणि तुम्हालाही कळेल की पोरीनं नेमकं काय ऐकलं.

प्रश्न : ऑफिसच्या कार्यक्रमांचं वृत्त मी लिहितो. "कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला" असं लिहिलं की आमचे एक सीनियर लाल शाईनं खोडतात. म्हणतात संपन्न म्हणजे श्रीमंत, कार्यक्रम कसा श्रीमंत होईल. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही चुकीचं लिहिलेलं नाही. पूर्ण झालेला, नीट सिद्धीला गेलेला हा अर्थ संपन्नला संस्कृतातच आहे, मराठीत श्रीमंतीचा अर्थ जास्त ठळक झाला इतकंच. अर्थात मुळात होता तोच खरा अर्थ असंही मी म्हणणार नाही, कारण मग त्या लाल शाईचं काय करायचं? शाई आली स्याहीवरून, आणि फारसीत स्याही म्हणजे काळेपणा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात साहस हे गुन्ह्याचं नाव आहे, उघडउघड बळजबरी करून केलेली लूट वगैरे, आणि आज आपण साहसासाठी मुलांना शाबासकी देतो. (तरी "भलतं साहस करू नकोस" म्हणताना तो जुना अर्थ थोडा डोकावतोच.) शब्दाचा अर्थ आज बोलणारे मिळून ठरवतात.

पण खरं सांगू, मीही ते वाक्य खोडलं असतं. "उत्साहात संपन्न" इतक्या वेळा छापून आलंय की डोळे त्यावरून घसरून पुढं जातात. त्यापेक्षा कार्यक्रम संपल्यावरही लोक अर्धा तास प्रश्न विचारत थांबले होते असं काही घडलं असेल तर ते लिहा ना, उत्साह आपोआप दिसेल.

प्रश्न : ताई, मी फर्स्ट इयरला आहे. प्रेझेंटेशन देताना माझ्या दर वाक्यात ॲक्च्युअली नाहीतर बेसिकली येतंच, मित्र मागं बसून मोजतात. कसं थांबवू?

उत्तर : अरे, आधी लाज वाटून घेऊ नकोस. पुढचं वाक्य डोक्यात जुळेपर्यंत जीभ काहीतरी धरून ठेवते, कुणी ॲक्च्युअली धरतं, कुणी म्हणजे, कुणी "ते हे आपलं". गप्पांमध्ये याचा उपयोगच होतो, समोरच्याला कळतं की याचं बोलणं अजून संपलं नाहीये. प्रेझेंटेशनपुरतं कमी करायचं तर फोनवर स्वतःचं दोन मिनिटं बोलणं रेकॉर्ड कर आणि शब्द मोजू नकोस, तो कुठं येतो ते बघ. बहुतेक वेळा स्लाइड बदलली की पहिला शब्द तोच असेल. मग प्रत्येक स्लाइडचं फक्त पहिलं वाक्य पाठ करून जा आणि ते सुरू करायच्या आधी तोंड मिटून एक श्वास घे. तो श्वास तुला फार मोठा वाटेल, ऐकणाऱ्यांना कळणारही नाही. सुरुवातीला ॲक्च्युअली गेला की त्या जागेवर 'तर' येऊन बसेल. बसू दे, पुढच्या वेळी त्याच्याकडे बघू.